निंदेला ग्रंथाने उत्तर देणारे सर सय्यद

समाजाच्या श्रद्धास्थानावर परक्याने आघात केला म्हणजे संताप सर्वांनाच येतो. त्या संतापाचे पुढे काय होते, यावर मात्र त्या समाजाचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातील मुसलमानांवर असा प्रसंग आला, तेव्हा कंपनी सरकारच्या कचेरीत कारकुनीपासून चढत गेलेल्या एका न्यायाधीशाने त्याला जे उत्तर दिले ते आजही अभ्यासण्याजोगे आहे. सर सय्यद अहमद खान हे नाव आपल्याकडे मुख्यतः दोन गोष्टींसाठी ठाऊक असते. अलिगढचे महाविद्यालय त्यांनी काढले आणि काँग्रेसला त्यांनी विरोध केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु धर्मग्रंथाचा अर्थ कसा लावावा आणि धर्माची निंदा झाल्यास काय करावे, या दोन प्रश्नांशी ते जन्मभर झगडले, ही हकिकत फारशी सांगितली जात नाही. त्यांच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. परक्यांच्या निंदेला उत्तर देता देता ते आपल्याच परंपरेची छाननी करू लागले, आणि त्या छाननीपायी स्वकीयांची निंदा त्यांच्या वाट्याला आली.

कचेरीतून ग्रंथालयाकडे

सय्यद अहमद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. घराणे मोगल दरबाराशी निगडित होते. त्यांचे मातामह ख्वाजा फरीदुद्दीन हे बादशहा दुसरा अकबर याचे काही काळ वजीर होते. परंतु त्या दरबारात वैभवाच्या खुणा उरल्या होत्या, सत्ता उरली नव्हती. १८३८ मध्ये वडील वारले, घरची मिळकत आटली, आणि या तरुणाने नातलगांच्या मनाविरुद्ध कंपनीच्या न्यायखात्यात नोकरी धरली. मुन्सफीची परीक्षा देऊन १८४१ मध्ये ते मुन्सफ झाले. कचेरीचे काम संपल्यावर उरलेला वेळ ते अभ्यासाला देत. दिल्लीच्या जुन्या इमारतींची आणि शिलालेखांची मोजमापे घेऊन त्यांनी १८४७ मध्ये ‘आसार-उस्-सनादीद’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ‘ऐन-इ-अकबरी’ची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. पुरावा हाती घ्यावा, तो पारखावा आणि मगच विधान करावे, ही सवय त्यांना कचेरीने आणि इतिहासाने लावली.

१८५७ मध्ये ते बिजनोर येथे सदर अमीन होते. तेथील इंग्रज कुटुंबांचे प्राण त्यांनी वाचविले. पण त्याच वर्षी दिल्ली उद्ध्वस्त झाली, त्यांचे आप्त मारले गेले, आणि हालअपेष्टांतून सोडवून मीरतेला आणलेली त्यांची वृद्ध माता तेथेच निवर्तली. या दुःखातून सावरल्यावर त्यांनी उठावाची कारणे सांगणारे पुस्तक लिहिले. कायदेमंडळात एकही हिंदी माणूस नसल्यामुळे राज्यकर्त्यांना प्रजेचे मन कळत नाही, आणि सरकार आपला धर्म बुडवणार अशी भीती लोकांत पसरली आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट मांडले. सूडाने पेटलेल्या इंग्रजांना त्या दिवसांत असे ऐकवणे धोक्याचे होते. सय्यद अहमद हे राजनिष्ठ होते यात शंका नाही. पण ते केवळ होयबा नव्हते, हे यावरून दिसते.

वादसभा आणि बायबलचे भाष्य

धर्माविषयीची ती भीती निराधार नव्हती. मिशनरी त्या काळी बाजारांत, शाळांत, तुरुंगांतही प्रचार करीत होते. १८५४ मध्ये आग्रा येथे जर्मन मिशनरी फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांची जाहीर वादसभा झाली आणि ती उत्तर हिंदुस्थानात गाजली. आपल्याकडेही विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घातले होते, हे वाचकांना आठवेल. अशा सभांनी लोकांना धीर येतो यात संशय नाही. पण सभेत प्रतिपक्षाला निरुत्तर करणे हेच साध्य होऊन बसते आणि प्रतिपक्षाचे म्हणणे समजून घेण्याची निकड उरत नाही.

सय्यद अहमद यांनी निराळी वाट धरली. गाझीपूरला असताना त्यांनी बायबलवर भाष्य लिहावयास घेतले आणि त्याचा पहिला भाग १८६२ मध्ये छापला. त्यासाठी हिब्रू शिकण्याचीही त्यांनी खटपट केली. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांनी आपल्या धर्मग्रंथांचे मूळ शब्दच बदलून टाकले आहेत, असे बहुतेक उलेमा मानीत. सय्यद अहमद यांचे मत असे पडले की बिघाड मुख्यतः अर्थ लावण्यात झाला आहे, मूळ संहितेत नव्हे. हे भाष्य कोणालाच मानवले नाही. त्यातले निष्कर्ष मिशनऱ्यांना मान्य होण्याजोगे नव्हते, आणि प्रतिपक्षाच्या ग्रंथाला मान दिला म्हणून मौलवी नाराज झाले. हे काम अपुरे राहिले. तथापि दुसऱ्याचा धर्मग्रंथ आदराने वाचल्यावाचून आपल्या धर्मग्रंथाचे समर्थन करता येत नाही, हे त्यांचे सूत्र येथेच पक्के झाले.

म्यूरचा ग्रंथ

खरी कसोटी लागली ती सर विल्यम म्यूर यांच्या ग्रंथामुळे. म्यूर हे मोठे सनदी अधिकारी आणि अरबीचे जाणकार. फांडर यांच्या आग्रहावरून त्यांनी महंमद पैगंबरांचे चरित्र लिहिले आणि १८६१ पर्यंत त्याचे चार खंड बाहेर पडले. पैगंबरांच्या प्रामाणिकपणाविषयी आणि त्यांनी स्थापन केलेल्या धर्माच्या परिणामांविषयी त्यात फार कठोर निर्णय होते. अडाणी शिवीगाळ असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण म्यूर यांनी आपला आधार इब्न हिशाम, वाकिदीचा लेखनिक इब्न साद आणि तबरी अशा मुसलमान चरित्रकारांच्याच लेखनात शोधला होता. घाव बसला होता तो घरच्याच शस्त्राने. शिवाय १८६८ मध्ये म्यूर वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले, आणि सय्यद अहमद त्याच प्रांतात बनारसला स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश होते. उत्तर द्यावयाचे ते आपल्याच प्रांताच्या प्रमुखाला.

१८६९ मध्ये त्यांचा मुलगा सय्यद महमूद याला इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. त्याच्याबरोबर जाण्यासाठी वडिलांनी रजा काढली, घर गहाण टाकले, पुस्तके विकली आणि एप्रिलमध्ये मुंबईहून आगबोट धरली. वय एक्कावन्न वर्षांचे, इंग्रजी जेमतेम. लंडनमध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांत बसून अरबी साधने चाळली, युरोपीय भाषांतले उतारे भाषांतरित करवून घेतले, आणि उर्दूत लिहिलेल्या मजकुराचे इंग्रजी करवून १८७० मध्ये तेथेच बारा निबंधांचा ग्रंथ छापला. मधल्या काळात पैशाची इतकी ओढाताण झाली की घरातली तांब्याची भांडी विकून का होईना पण पैसे पाठवावेत, अशा अर्थाची पत्रे ते मित्राला लिहीत होते. म्यूर यांच्या पुस्तकावर बंदी घालावी असा अर्ज करण्यासाठी हा खर्च नव्हता. प्रतिपक्षाच्या राजधानीत, त्याच्याच भाषेत, त्याच्याच वाचकांपुढे उत्तर ठेवण्यासाठी तो होता.

उत्तराची किंमत

या उत्तराचे स्वरूप न्यायाधीशाचे होते. पैगंबरांची जी चरित्रे म्यूर यांनी आधारास घेतली ती पैगंबरांच्या निधनानंतर काही पिढ्यांनी लिहिली गेली. वाकिदीसारख्या संग्राहकाच्या विश्वासार्हतेविषयी खुद्द मुसलमान हदीसपंडितांनीच शंका घेतल्या होत्या. तेव्हा कोणती कथा कोणी सांगितली, त्याने ती कोणाकडून ऐकली, आणि तो साक्षीदार भरवशाचा होता काय, हे पाहिल्यावाचून तिच्यावर निकाल उभारता येणार नाही, असा सय्यद अहमद यांचा मुद्दा होता. गिबन, कार्लाइल यांसारख्या युरोपीय लेखकांनी पैगंबरांविषयी जे न्यायबुद्धीने लिहिले होते तेही त्यांनी पुढे मांडले. युरोप म्हणजे सगळा शत्रूच, असे त्यांनी आपल्या वाचकांना भासवले नाही.

हा ग्रंथ निर्दोष होता असे नाही. त्यात पुष्कळ ठिकाणी न्यायाधीशाची जागा वकील घेतो आणि अडचणीचा पुरावा बाजूला सारला जातो. म्यूर यांचे पुस्तक त्यामुळे थांबले नाही. त्याच्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. पण या प्रयत्नाचा एक परिणाम लेखकावरच झाला. कच्च्या पुराव्याच्या कथा पैगंबरांच्या निंदेसाठी वापरू नयेत असे एकदा म्हटले, की तशाच कच्च्या पुराव्याच्या कथा त्यांच्या गौरवासाठीही वापरता येत नाहीत. भाविकांच्या मेळाव्यांत रंगवून सांगितले जाणारे कितीतरी चमत्कार याच कसोटीवर गळून पडतात. प्रतिपक्षाला लावलेली कसोटी स्वतःला लावण्याचे सय्यद अहमद यांनी टाळले नाही. त्यांचे मोठेपण मला येथे दिसते.

म्यूर यांच्याशी त्यांचे संबंधही तुटले नाहीत. पुढे अलिगढच्या महाविद्यालयाला ज्या इंग्रजांनी मदत केली त्यांत म्यूर होते, आणि ती स्वीकारताना सय्यद अहमद यांना कमीपणा वाटला नाही. विद्वत्तेतला मतभेद त्यांनी वैर मानले नाही.

ईश्वराचे वचन आणि ईश्वराची कृती

१८७० च्या अखेरीस मायदेशी परतल्यावर त्यांनी ‘तहजीब-उल्-अखलाक’ हे नियतकालिक काढले आणि समाजसुधारणेचा प्रचार सुरू केला. १८८० पासून त्यांच्या कुराणभाष्याचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. अर्थ लावण्याचे नियमही त्यांनी १८९२ मध्ये स्वतंत्र पुस्तकात मांडले. त्यांचा गाभा असा : कुराण हे ईश्वराचे वचन आहे आणि सृष्टी ही ईश्वराची कृती आहे, एकाच ईश्वराचे वचन आणि कृती यांत विरोध असू शकत नाही, तो भासला तर वचनाचा अर्थ समजून घेण्यात आपली चूक झाली आहे असे मानावे. देवदूत आणि चमत्कार यांच्या वर्णनांचा त्यांनी या दृष्टीने नवा अर्थ लावला. जिहादची आज्ञा त्यांनी अन्यायाच्या प्रतिकारापुरती मर्यादित मानली. युद्धकैद्यांना कृपा म्हणून अथवा खंडणी घेऊन सोडून द्यावे, अशा आशयाच्या आयतीवरून यापुढे कोणालाही गुलाम करण्याची मुभा उरत नाही, असे त्यांनी प्रतिपादिले.

निंदेच्या प्रश्नावरही कुराणाकडे अशा ताज्या नजरेने पाहिले तर पुष्कळ उजेड पडतो. मक्केतील विरोधक पैगंबरांना वेडा, जादूगार, कवी म्हणून हिणवीत, हे खुद्द कुराणच नोंदवून ठेवते. ईश्वरवचनांची टवाळी चालली असेल तेथून उठून जावे आणि विषय बदलेपर्यंत त्या मंडळींत बसू नये, असे ते सांगते. इतरांच्या दैवतांना शिव्या देऊ नयेत, नाहीतर तेही अज्ञानाने ईश्वराला शिव्या देतील, असेही त्यात बजावले आहे. टवाळखोरांना जो इशारा तेथे वारंवार मिळतो तो मुख्यतः परलोकातील शिक्षेचा आहे. निंदकाला इहलोकी देहदंड देण्याचे सविस्तर नियम पुढील शतकांतील धर्मशास्त्र्यांनी बांधले. धर्मग्रंथ काय म्हणतो आणि त्यावर पिढ्यांनी काय रचले, यांत भेद करावयास शिकवणारी दृष्टी किती मोलाची असते, हे येथे लक्षात यावे.

स्वकीयांचा रोष

परंतु या दृष्टीचे स्वागत झाले नाही. निसर्गाच्या नियमांचा दाखला सतत देतात म्हणून विरोधकांनी त्यांना ‘नेचरी’ हे कुत्सित नाव दिले. त्यांच्या पाखंडाचा निर्णय देणारे फतवे गावोगावी निघाले. एका मौलवीसाहेबांनी तर थेट मक्केहून तसा फतवा आणला. यावर आपल्या पाखंडामुळे एका गृहस्थाला हजचे पुण्य लाभले, अशी थट्टा सय्यद अहमद यांनी आपल्या नियतकालिकात केली. जमालुद्दीन अफगाणी यांनी दक्षिणेत हैदराबादला मुक्काम असताना या ‘नेचरी’ मताचे खंडन करणारे पुस्तक लिहिले, ते १८८१ च्या सुमारास निघाले. मोहसिन-उल्-मुल्क हे त्यांचे जिवलग मित्र. पण भाष्यातले अनेक अर्थ त्यांनाही पटले नाहीत, आणि दोघांचा वाद पत्रांतून चालला. मैत्री मात्र अभंग राहिली.

या विरोधाची खरी झळ महाविद्यालयाला लागू नये म्हणून सय्यद अहमद यांनी एक मोठी तडजोड केली. १८७५ मध्ये शाळा सुरू झाली, ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते महाविद्यालयाची कोनशिला बसली. वर्गणीसाठी त्यांनी दारोदार हिंडणे पत्करले, रंगमंचावरही ते उभे राहिले. पण ज्यांच्याकडून पैसा आणि मुले यायची त्यांचा विश्वास बसावा म्हणून संस्थेतील धर्मशिक्षण त्यांनी जुन्या वळणाच्या मंडळींकडे सोपवले. ज्या संस्थेसाठी त्यांनी देह झिजवला, तिच्याच वर्गांत त्यांचे कुराणभाष्य शिकवले गेले नाही. हिंदू विद्यार्थ्यांनाही मोकळे असलेले हे महाविद्यालय तगले, वाढले आणि १९२० मध्ये विद्यापीठ झाले. अधिकारी, वकील, शिक्षक तेथून बाहेर पडले. धर्मग्रंथाचा निर्भयपणे अर्थ लावणारी परंपरा मात्र तेथे रुजू शकली नाही. संस्था वाचविण्यासाठी विचार मागे ठेवला, याचा हिशेब इतिहासात कोठेतरी द्यावाच लागतो.

त्यांच्या राजकारणाचा हिशेबही चुकविता येणार नाही. १८८७ मध्ये लखनौला आणि १८८८ मध्ये मीरतेला केलेल्या भाषणांत त्यांनी हिंदू आणि मुसलमान ही दोन भिन्न राष्ट्रके असल्याची भाषा केली आणि निवडणुकीच्या तत्त्वाला विरोध केला. मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्याशी सय्यद अहमद यांचा पत्रव्यवहारातून तीव्र मतभेद झाला. खानदानी कुळांविषयीचा त्यांचा अभिमान सुटला नाही, आणि मुलींच्या शिक्षणाची वेळ अजून आलेली नाही असे ते म्हणत राहिले. धर्मग्रंथाच्या बाबतीत बुद्धीवर विश्वास टाकणाऱ्या या माणसाला सामान्य देशबांधवांवर तेवढा विश्वास टाकता आला नाही. पुढच्या पिढ्यांनी त्यांचे हे राजकारण उचलले आणि भाष्य कपाटात ठेवले, ही खेदाची गोष्ट आहे.

शेवटचे लेखन

अखेरची वर्षे कष्टाची गेली. महाविद्यालयाच्या कारकुनाने लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केल्याचे १८९५ मध्ये उघडकीस आले. मुलाच्या आजारपणाने घर विस्कटले. अशातच १८९७ मध्ये पैगंबरांच्या पत्नींविषयी अनुदार मजकूर असलेले एक उर्दू पुस्तक निघाले आणि त्याच्या प्रती मुसलमानांना फुकट वाटण्यात आल्या. पंजाबात खळबळ माजली. लाहोरच्या अंजुमन हिमायत-इ-इस्लाम या संस्थेने १८९८ मध्ये सरकारकडे अर्ज केला. ऐंशी वर्षांच्या सर सय्यद यांनी आपल्या नेहमीच्या रीतीने कागद पुढे ओढला आणि आरोपांना मुद्देसूद उत्तर लिहावयास घेतले. ते पुरे होण्यापूर्वीच २७ मार्च १८९८ रोजी अलिगढला एका मित्राच्या घरी त्यांचा अंत झाला. महाविद्यालयाच्या मशिदीलगत त्यांना मूठमाती देण्यात आली.

पुढील काळाने कोणती वाट धरली ते सर्वांना माहीत आहे. १९२४ मध्ये लाहोरात पैगंबरांची विटंबना करणारी एक पुस्तिका निघाली. तिचा प्रकाशक १९२७ मध्ये हायकोर्टातून सुटला, तेव्हा त्याच वर्षी दंडविधानात २९५-अ हे कलम घालण्यात आले. कलम आले तरी १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झाला आणि खुनी तरुण फासावर गेला. त्या कलमाचा आशय आजच्या भारतीय न्याय संहितेतही २९९ व्या कलमाच्या रूपाने कायम आहे. जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने आग लावणाऱ्याला शासन करण्यास कायदा असावा, याबद्दल वाद नाही. पण कायदा लेखकाला शिक्षा करू शकतो. त्याच्या म्हणण्यातले असत्य सिद्ध करणे त्याला साधत नाही. सुऱ्याने तर ते अजिबात साधत नाही. उलट ज्याचे पुस्तक कोणी वाचले नसते त्याचे नाव त्याने अमर होते.

सर सय्यद यांच्या मार्गाने जाणे सोपे नाही. त्यासाठी प्रतिपक्षाची भाषा शिकावी लागते, त्याचा ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा लागतो, पदरमोड करावी लागते, आणि शेवटी आपल्याही घरातला केर काढावा लागतो. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड, म्हणून बहुतेक जण आधीच्याच पायरीवर थांबतात. कोणत्याही धर्माच्या अनुयायांनी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. आपल्या श्रद्धेवर टीका झाली तर तिला उत्तर देण्याइतका आपला अभ्यास आहे काय? शाळा-महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांवर आणि शिकणाऱ्यांवर या प्रश्नाची जबाबदारी अधिक आहे. कारण जमाव जमवण्याला ज्ञान लागत नाही. लंडनच्या ग्रंथालयात बसून बारा निबंध लिहिण्याला ते लागते.